लाल खुणेचा दोर

ताणला की दोर लांबतो, हे कॅम्पवालीला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. कडे चढायला शिकवणाऱ्या, कड्याखालच्या कॅम्पात तिनं अकरा वर्षं पन्नास-पन्नास माणसांचा स्वयंपाक रांधला होता. कांदे चिरता चिरता तिथल्या मास्तरांचं तेच ते भाषण तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं म्हणून दाखवलं असतं. दोर दोन जातीचे. एक पडणाऱ्याला झेलायचा. तो मऊ, अंगानं लांबणारा, नाहीतर पडणाऱ्याची कंबर मोडायची. दुसरा ओझं उतरवायचा. तो ताठ, त्याला कितीही ओढा, हूं नाही की चूं नाही. सगळं पाठ. पण पाठ असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. गाय बांधताना हाताला आला तो दोर तिनं उचलला, तो नेमका झेलायचा निघाला, आणि दुपारच्या एका झोपेत गाईनं चुलतदिराच्या मक्याच्या चार ओळी साफ केल्या.

बाईनं पावलं मोजून खुंटी ठोकली होती. खुंटीपासून मका सोळा पावलं आणि दोर चौदा पावलांचा. दोन पावलं हाताशी राखली म्हणून ती निर्धास्त होती. गाईनं मान लांब केली, दोरानं अंग लांब केलं, संपलं. नवरा बांधावर उभा राहून कपाळाला हात लावून बघत होता आणि गाय शांतपणे रवंथ करत होती.

आता हा दोर घरात आला कुठून, तर तोही कॅम्पातलाच. गेल्या वर्षी कॅम्प बंद पडला. शहरातली माणसं यायची थांबली, मालकानं तंबू गुंडाळले आणि जाताना बाईला सांगितलं, की शेडमध्ये उरलेल्या सामानाची वाट लावा. उरलेलं म्हणजे बाद झालेलं. त्याच्या प्रत्येक टोकाला लाल रंगाची खूण. लाल खूण म्हणजे ही वस्तू आता माणसाच्या भरवशाची नाही. माणसाच्या नसेल, पण आमच्या घराला काय झालंय, असं म्हणत बाईनं बैलगाडीच्या तीन खेपा करून सगळं घरी आणलं. हेल्मेटांत कोंबड्या अंडी घालायला बसू लागल्या. चढायच्या बुटांचे चिकट तळवे कापून नवऱ्यानं गाडीच्या ब्रेकला ठोकले, आणि उतारावर गाडी अशी थांबू लागली की बैलच मागं वळून बघायचे. चढणारे हाताला लावायची पांढरी पूड ज्यात ठेवत, त्या पिशव्यांत बियाणं भरून, त्या कमरेला बांधून बाईनं पेरणी केली. गाव हसलं. कॅम्पवालीची भंगारवाली झाली म्हणालं. हसणाऱ्यांतल्या दोघीतिघी पुढं हळूच येऊन तसल्या पिशव्या मागून घेऊन गेल्या, ते सोडा.

सगळ्यात मोठा उपयोग झाला तो सासूला. म्हातारीचा खुबा वर्षापूर्वी मोडला होता. तेव्हापासून ती खाटेला खिळून होती, आणि अंगानं चांगली भरलेली, म्हणजे उचलायची तर दोघांचे श्वास फुलायचे. उंचावरून उडी मारणाऱ्यांसाठी खाली अंथरायची कॅम्पातली जाड गादी तिच्याखाली घातली, त्या दिवसापासून पाठीवरच्या जखमा भरायला लागल्या. मग बाईनं तुळईला कप्पी टांगली, म्हातारीच्या मांड्यांत आणि कमरेत चढणाऱ्यांचा पट्ट्यांचा हार्नेस घातला आणि दोर ओढला. म्हातारी खाटेवरून अलगद उठली. पाय जमिनीपासून वीतभर वर, हात पकडलेल्या कोंबडीच्या पंखांसारखे पसरलेले. पहिल्या दिवशी तिनं सुनेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी विचारलं, की जरा दारापर्यंत नेता येईल का.

तर असं हे घर. आणि त्यांच्या शेजारी हा चुलतदीर. नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. खिशात कायम मोजायची टेप असायची, म्हणून गावात त्याला फूटपट्टी म्हणत. गाईनं खाल्लेला मका त्यानं टेप लावून मोजला, एकेक ताट मोजलं, उष्टावलेलीही मोजली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या कुरणाकडं जाणाऱ्या वाटेवर तारेचं फाटक लावून कुलूप घातलं. वाट त्याच्या शेतातून जात होती. कुरण यांचं होतं, यांच्या घरावरच्या कड्याच्या माथ्यावर, आणि गाडी वर न्यायला दुसरी वाट नव्हती.

कुरणात गवत कापून पडलं होतं. जवळजवळ शंभर भारे. दहा-बारा दिवसांत माथ्यावर वारं सुटतं आणि ते सुटलं की मोकळ्या गवताची काडी जागेवर राहत नाही. गवत खाली आलं नाही तर गाय आणि तिची कालवड विकायची, दुसरा इलाज नाही. गाडीनं आणलं तर पाच खेपांचं काम. कड्याच्या कुशीतून पायऱ्या खोदलेली एक शिडीची वाट होती, पण तिथं माणूसच दोन्ही हातांनी धरून चढायचा. डोक्यावर भारा घेऊन तिथून उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

बाई माफी मागायला गेली नाही असंही कुणी म्हणू नये. ती गेली. चार टोपल्या मका देऊ म्हणाली, चूक माझी, दोर चुकीचा घेतला म्हणाली. फूटपट्टीचं घर जेवायला बसलं होतं. तिला कुणी बस म्हटलं नाही. ती अंगणात उभी राहिली, त्यांचं जेवण होईपर्यंत. मग तो चूळ भरायला बाहेर आला आणि पाठमोराच बोलला. मका नको म्हणाला. गिरणीच्या ओट्यावर चार माणसांत येऊन दोघांनी माफी मागावी, मग फाटकाचं बघू. आणि तोंड पुसता पुसता, जसं काही आत्ताच सुचलं, तसं म्हणाला, की नाहीतरी तुम्हाला ते वरचं कुरण हवंय कशाला? एक माणूस खाटेवर, दोघं राबायला. माझ्या नावावर करून द्या, वर्षाला दोन गाड्या चारा मी देईन. घरचाच आहे मी, परका थोडाच.

तेव्हा बाईला कळलं, की चार ओळी मक्याचं हे भांडणच नाही. हा माणूस कधीची वाट बघत होता, गाईनं फक्त निमित्त दिलं. तिच्या पायांना उभं राहून मुंग्या आल्या होत्या. ती परतली, आणि आपण एवढा वेळ उभ्या का राहिलो याचा राग तिला घरापर्यंत पुरला.

नवरा मवाळ. त्याचं म्हणणं, दादाच आहे, जाऊ ओट्यावर, चार शब्दांनी काय अंगाला भोकं पडतात? अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं तो पुटपुटला. बाई म्हणाली, पाय धरले तर गाढव लाथ तरी मारून मोकळं होतं, हा कुरण मागतोय. आज माफी, उद्या सही. नवऱ्यानं पुढची भाकरी ओढली. पटलं होतं असं नव्हे.

खाटेवरून म्हातारी बोलली. सगळं ऐकत असायची ती.

"वरून खाली यायला वाट कशाला लागते? दगड येतोच की."

बाईनं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग उठून मागच्या खोलीत गेली आणि कोपऱ्यातलं वेटोळं ओढून काढलं. ताठ दोर. शंभर मीटरचा, टोकाला लाल, मधे कुठं कुठं वरचं सूत उसवलेलं. या वेळी तिनं तो गुडघ्याखाली दाबून दोन्ही हातांनी ओढून बघितला. एकदा नाही, चारदा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं शिडीच्या वाटेनं चढली. माथ्यावर खडकात कॅम्पवाल्यांनी ठोकलेले बोल्ट होते. मास्तर करायचे तसं बाईनं प्रत्येकावर हातोडी मारून आवाज ऐकला. तीन खणखणीत वाजले, एक बद्द वाजला, तो सोडून दिला. तीन बोल्टांना पट्टे, पट्ट्यांना हूक, हुकांना दोर. खालचं टोक अंगणातल्या चिंचेच्या खोडाला पट्टा गुंडाळून, त्यातल्या हुकाला बांधलं. दोर माथ्यापासून अंगणापर्यंत तिरपा ताणला गेला. त्यावर फिरणारी कप्पी, कप्पीला भारा, आणि भाऱ्याला मागून धरून ठेवायला दुसरा दोर. तो वर थांबलेल्या नवऱ्याच्या हातात. त्याच्यासाठी बाईनं आठाच्या आकड्यासारखी एक लोखंडी कडी शोधून काढली होती. दोर तिच्यातून ओवला की हाताला ओझं जाणवत नाही, धरलं तर थांबतं, सैल सोडलं तर जातं. नवऱ्याला तिनं हे तीनदा समजावलं. कळलं म्हणाला.

पहिला भारा असा आला की बस. नवऱ्यानं दोर सैल सोडला आणि बघतच राहिला. भारा सणसणत येऊन चिंचेवर आपटला, फुटला आणि खाटेसकट दारात आणून ठेवलेल्या म्हातारीवर गवताचा पाऊस पडला. तोंडातलं गवत थुंकत म्हातारी म्हणाली, चव चांगली आहे, गाईला आवडेल. मग बाई पुन्हा वर गेली, नवऱ्याचा हात स्वतःच्या हातात धरून तिनं दुसरा भारा सोडला, आणि तो शहाण्या माणसासारखा सावकाश उतरला.

त्या दिवशी अकरा भारे आले. दुसऱ्या दिवशी सव्वीस. काम सोपं नव्हतं. वर नवरा एकटा, वाकून भारे आवळायचा, खांद्यावर घेऊन कड्याच्या टोकाशी आणायचा. त्याचे तळवे सोलले, तिथं त्यानं चिंध्या बांधल्या. खाली बाई. भारा आला की पाय रोवून अंगावर घ्यायचा, हूक काढायचा, पाठीवरून गोठ्यात न्यायचा, तोवर वरून हाक. गवताची कुसं गळ्यात, काखेत, डोळ्यांत. संध्याकाळी तिला मान वळवता येईना. पण नवरा मात्र बदलला. दुसऱ्या दिवशी जेवताना तो आपणहून म्हणाला, की आता दोर हातात बोलतो, भारा कुठं पोचला ते डोळे मिटून कळतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, एवढं लांब वाक्य तो कधी बोलला नव्हता.

गाव बघायला आलं. गिरणीवाला येऊन गेला, मान हलवून गेला. आणि फूटपट्टीनंही बघितलं. बघणारच. कारण दोर तिरपा होता आणि त्याच्या मक्याचा एक कोपरा त्या दोराखाली येत होता. कोपरा कसला, चार पावलं. भारे त्याच्या डोक्यावरून जात होते आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं गड्याबरोबर निरोप धाडला. माझ्या शेतावरून दोर नेलाय, उद्या सकाळी येऊन तोडतो.

नवऱ्याचं जेवण तिथंच थांबलं. तीसेक भारे वर होते आणि दुपारपासून माथ्यावर वाऱ्याची झुळूक यायला लागली होती. बाई म्हणाली, मी उभी राहीन झाडापाशी. नवरा म्हणाला, तो तुला हाताला धरून बाजूला करेल, बरोबर गडी आणेल, आणि मी वर असेन. हे खरं होतं. आडदांड माणूस, त्याच्यापुढं बाई किती वेळ टिकणार?

"मला ठेव तिथं," म्हातारी म्हणाली.

 ती पुढं म्हणाली, की खुर्चीत बसवा, झाडाला टेकवा, आणि कमरेच्या त्या पट्ट्याला तो फिरकी आवळून बंद होणारा हूक लावून झाडाच्या पट्ट्यात अडकवा. मग बघू कोण कुणाला बाजूला करतो. बाईनं नाही म्हटलं. दोर बाद झालेला, पट्टे बाद झालेले, सगळ्यावर लाल खूण आहे, माणसाला त्यात अडकवायचं नाही, हे तिला कॅम्पात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. वर दोर सुटला तर काय होईल?

"माझ्यावर कुठं लाल खूण नाहीये?" म्हातारी म्हणाली. "वर्ष झालं टाकून दिल्याला. तू दोराला कामाला लावलंस, मला लाव."

 वर्षभर या म्हातारीचं हगणंमुतणं काढलं, बोलणी खाल्ली, कधी कधी मनात नको नको ते आलं. आणि आता तिला वाटलं, ही आपली सासू आहे हे आपल्याला आजच कळतंय.

सकाळी तिनं म्हातारीला कप्पीवर उचललं, चाकाच्या ढकलगाडीतून अंगणात नेलं आणि चिंचेच्या बुंध्याशी खुर्चीत बसवलं. पोटावरचा हूक झाडाच्या पट्ट्यात अडकवून फिरकी घट्ट केली. मांड्यांखाली गोधडी सारली. नवरा वर गेला. चार भारे उतरले तोवर फूटपट्टी आला. मागं दोन गडी, हातात कोयता.

तो आधी दोराकडं बघत आला आणि मग त्याला काकू दिसली. वर्षभरात तो एकदाही तिला बघायला आला नव्हता. 

"काकू, बाजूला हो."

"होते की. मला कुठं चालता येतंय? सोडव आणि ने उचलून."

त्यानं कोयता गड्याकडं दिला आणि तो वाकला. हूक दाबला, हलला नाही. ओढला, हलला नाही. आधी फिरकी फिरवायची, मग पाकळी आत ढकलायची, हे त्याला कोण सांगणार? त्याची बोटं म्हातारीच्या पोटावर चाचपडू लागली. हार्नेसचे पट्टे मांड्यांमधून आलेले, तिथं हात घालायचा कसा? मागं एका गड्यानं खोकल्यासारखं केलं. तो खोकला नव्हता. फूटपट्टीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"घाबरू नको," म्हातारी म्हणाली. "याच खुब्यावर बसून तू अख्खं गाव फिरलायस. तुझी आई आजारी होती तेव्हा. तेव्हा मांडीवर मुतायचास, आता हात लावायला लाजतोस होय?"

तो ताडकन सरळ झाला. बाईकडं वळून म्हणाला, उघड हे. बाई गोठ्याच्या दाराशी भारा पाठीवर घेऊन उभी होती. 

"संध्याकाळी उघडते, भाऊजी. काम झाल्यावर."

त्यानं गड्यांना हुकूम सोडला, खुर्ची उचला म्हणून. गडी जागचे हलले नाहीत. थोरला गडी हळूच म्हणाला, की मालक, आम्ही मका कापायला आलोय, माणसाला हात लावायला नाही. मग फूटपट्टीनं स्वतः कोयता हिसकावून घेतला आणि झाडापाशी, जिथं हात पोचत होता तिथंच, दोरावर धरला. दोर तारेसारखा ताणलेला होता, त्यावर अर्ध्या वाटेत पाचवा भारा लोंबकळत होता, आणि दोराच्या खाली, हातभर अंतरावर, म्हातारीचं डोकं. तोडला असता तर दोर पहिला तिच्या तोंडावर बसला असता. सगळ्यांना ते दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. म्हातारीनं मान खाली घातली नाही, उलट जरा वर केली.

कोयता खाली आला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं काहीतरी तो दातांतून बोलला. म्हातारी म्हणाली, सुंभ अजून जळलाय कुठं, घाई करू नकोस.

पण तो गेला नाही. तो हुशार होता. बांधावर जाऊन दगडावर बसला. म्हाताऱ्या माणसाला किती वेळ बांधून ठेवणार? तासाभरात उठवावंच लागेल, आडोशाला न्यावंच लागेल, आणि हूक निघाला की कोयता तयार आहे. त्यानं तसं मोठ्यानं बोलूनही दाखवलं, गड्यांना सांगतोय असं दाखवत. गडी मक्यात निघून गेले.

बाईनं वर हाक दिली. पाचवा भारा आला. सहावा आला. प्रत्येक भारा आधी फूटपट्टीच्या मक्याच्या कोपऱ्यावरून यायचा, मग म्हातारीच्या दिशेनं, आणि बाई तो वाटेतच अंगावर घ्यायची. ऊन चढलं. चिंचेची सावली सरकून पलीकडं गेली. बाईनं म्हातारीच्या डोक्यावर ओला फडका टाकला. म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते, खुब्यात कळ येत होती, ती मधूनच खुर्चीचा हात मुठीत आवळायची आणि सोडायची. बांधावर फूटपट्टी घामानं निथळत बसला होता. त्याच्यावर तर सावलीही नव्हती. उठून घरी पाणी प्यायला जावं, तर तेवढ्यात इकडं म्हातारीला सोडवून, फिरवून, परत बसवलं तर? तो जागचा हलेना.

दुपारी बाराचा सुमार झाला असेल. एकोणीस भारे आले होते. बाई पाण्याचा तांब्या घेऊन म्हातारीपाशी आली आणि गुडघ्यावर बसली. घोटभर तरी घ्या म्हणाली, तिला रडू येत होतं. हवं तर सोडवते, तोडू दे त्याला दोर, उरलेलं गवत गेलं तर गेलं, असंही म्हणाली.

म्हातारीनं तांब्याकडं बघितलं. गिळल्यासारखं केलं. मग तांब्या हातानं दूर सारला आणि बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मला नको. पाणी प्यायलं की उठावं लागतं. तो तांब्या त्याला नेऊन दे, उन्हात बसलाय बिचारा. त्याला हवं तेव्हा उठता येतं." आणि मान वर करून कड्याकडं बघत ती म्हणाली, "आणि वर हाक मार. हात का थांबलाय विचार त्याला."